ॲक्शनचं साल आणि जगाचा कायदा

१६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आमचा विषय निघाला. आमचा म्हणजे हैदराबाद संस्थानाचा. त्या संस्थानात परभणी जिल्हा, परभणीत गंगाखेड तालुका आणि त्या तालुक्यात माझं राणीसावरगाव. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन होते. निजामाची बाजू मांडायला नवाब मोईन नवाज जंग आले होते, भारताची बाजू रामस्वामी मुदलियार मांडत होते. हैदराबादची तक्रार २१ ऑगस्टलाच तारेनं गेली होती. भारताकडून आक्रमणाचा धोका आहे, परिषदेनं लक्ष घालावं, अशी. परिषद बसली तोवर भारतीय फौजेला संस्थानात शिरून तीन दिवस उलटले होते. १७ तारखेला निजामानं हार मानली. २० तारखेला परिषद पुन्हा बसली, आणि २२ तारखेला खुद्द निजामानं तार करून तक्रार काढून घेतली. पुढे १९४९ च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान या दोघांचं म्हणणं परिषदेनं ऐकून घेतलं, निर्णय मात्र कधीच दिला नाही.

पॅरिसला आपल्यावर खल चालू आहे हे राणीसावरगावात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. गावाला ठाऊक होती ती ‘ॲक्शन’, म्हणजे भारतीय फौजेची ती कारवाई. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही वय सांगताना तोच खांब धरतात. अमका ॲक्शनच्या साली जन्मला, तमकीचं लग्न ॲक्शनच्या पुढल्या उन्हाळ्यात झालं. मी गंगाखेडच्या कोर्टात वकिली केली, बहुतेक शेतीच्या वाटेचे आणि बांधाचे दावे चालवले. पण एक प्रश्न मला कॉलेजच्या दिवसांपासून सोडत नाही. एका राज्यात माणसांचे हाल चालले असतील तर बाहेरच्या फौजेनं त्यांना सोडवायला जाणं जगाच्या कायद्यात बसतं का? ज्यांना असं सोडवलं गेलं त्या मुलखात मी जन्मलो. म्हणून हा प्रश्न परक्या पुस्तकातला आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आधी काय चाललं होतं ते सांगायला हवं. मराठवाड्याचे तेव्हा पाच जिल्हे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. रयत मराठी बोलणारी, कारभार आणि कोर्टकचेरी उर्दूत. लोकांनी तोंड उघडायला सुरुवात केली ती महाराष्ट्र परिषदेच्या नावानं. तिचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते, आणि परतूर त्या वेळी आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्या साली स्टेट काँग्रेस निघाली आणि निघण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा म्हणून हाक दिली. निजामानं नोव्हेंबरच्या २९ तारखेला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार केला, आणि त्या करारातच एक वर्षाची मुदत रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारी टोळ्यांना, मिळाली. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. माझ्याच पेशाचा माणूस, हे लिहितानाही मला जड जातं.

माझ्या आजीनं सांगितलेलं तेवढंच मी सांगतो. गोठ्यात गाईच्या दावणीखाली खड्डा काढून तिनं डाग पुरले होते आणि वर शेण सारवलं होतं. ज्वारी पेवात, आणि पेवाच्या तोंडावर कडब्याची गंज रचलेली, म्हणजे तिथं पेव आहे हे कळूच नये. रात्री घरातली पुरुष माणसं मळ्यात झोपत, दर दोन दिवसांनी जागा बदलून. लहान पोरांना खोकला आला तर तोंडावर पदर धरायचा. आजी हे सांगताना कधी रडली नाही. डाग कुठं पुरले ते मात्र ती नेमकं बोटानं दाखवायची, गोठा पाडून तिथं खोली बांधल्यावरही.

ज्यांना जमलं ते हद्दीबाहेर गेले. उमरखेड, वाशीम, बार्शी, सोलापूर, मनमाड या भागांत सरहद्दीच्या पलीकडे आंदोलकांचे कॅम्प उभे राहिले. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागायचं आणि माणूस मोकळा श्वास घ्यायचा. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक आंदोलकांनी लुटून लढ्याला पैसा उभा केला. ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना मारलं. रझाकारांविरुद्ध लिहिणारा हा तरुण मुसलमान होता, हे विसरून मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगू नये.

तर १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेनं आत आली. दुसऱ्या तुकड्या औरंगाबाद-जालन्याच्या बाजूनं आल्या. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

आता कायद्याकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं दुसरं कलम सांगतं की कुठल्याही राष्ट्रानं दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीविरुद्ध बळ वापरू नये. त्याच कलमाचा सातवा परिच्छेद सांगतो की एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हात घालू नये. मुदलियारांनी पॅरिसमध्ये नेमकं बोट ठेवलं ते इथं. हैदराबाद हे मुळात राष्ट्रच नाही, ते इंग्रजांच्या काळातही स्वतंत्र नव्हतं आणि ते गेल्यावरही झालं नाही, म्हणून परिषदेला ही तक्रार ऐकण्याचा अधिकारच पोचत नाही. घरातली कायदा-सुव्यवस्था राखण्याची ही कारवाई, म्हणून ‘पोलीस’ कारवाई. दावा चालवायचा की नाही यावरच आधी आक्षेप घ्यायचा, हे कुठलाही वकील करेल. मीही केलं असतं. कायदेशीर बाजूनं तो पक्का मुद्दा होता. परदेशातल्या जाणकारांना मात्र तो सगळ्यांना पटला नाही. क्लाइड ईगलटन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५० साली परिषदेनं हे प्रकरण असं सोडून दिल्याबद्दल सविस्तर टीका लिहिली.

मला भारताच्या बाजूकडे पाहताना एक गोष्ट टोचते. भारत सरकारनं ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादवर श्वेतपत्रिका काढली होती. त्यात रझाकारांनी गावोगाव काय केलं त्याचा पाढा आहे. देशातल्या वाचकांपुढे कारण ठेवलं ते माणसांच्या हालाचं. जगाच्या कोर्टासारख्या जागी उभं राहिल्यावर मात्र सगळा भर राहिला परिषदेच्या अधिकाराच्या मुद्द्यावर. माझ्या आजीचा गोठा त्या कामकाजात फारसा आला नाही.

हे एवढं महत्त्वाचं का, तर जगाचा कायदा बराचसा वहिवाटीतून तयार होतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या नियमावलीत अडतिसाव्या कलमात तसं स्पष्ट म्हटलंय. राष्ट्रांमध्ये सर्वत्र चालत आलेला आणि कायदा म्हणून मान्य झालेला रिवाज हा कायदाच. यात दोन गोष्टी लागतात. एक, रिवाज खरोखर चालत आलेला पाहिजे. दुसरी, करणाऱ्यानं तो हक्क किंवा बंधन समजून केलेला पाहिजे. आमच्याकडे वाटेच्या दाव्यात अगदी हेच असतं. एकदा एक म्हातारा अशील माझ्यापुढे बसला होता.

“वकीलसाहेब, माझ्या आज्यापासून आमची गाडी ह्याच बांधावरून जाती.”

“बाबा, विचारून जात होता का न विचारता?”

“विचारायचं कशाला? वाट आमचीच.”

“आणि पेरणीच्या दिवसात त्यांनी अडवलं तर?”

“तवा विचारावं लागायचं. पेरणीत बैलगाडी त्यांच्या मर्जीनं.”

म्हातारा खरं बोलला आणि त्यातच त्याच्या दाव्याची मर्यादा ठरली. न विचारता जो गेला त्याचा हक्क उभा राहतो. विचारून गेला तो शंभर वर्षं गेला तरी परवानगीनं गेला.

जगाच्या न्यायालयात वाटेचा हाच प्रश्न आला, आणि तो मराठी कागदांवर येऊन ठेपला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेलीतली पोर्तुगीज सत्ता स्वयंसेवकांनी हुसकून लावली. आझाद गोमंतक दल त्यात होतं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मराठी घरांत पुढे घरोब्याची झालेली नावं त्यात होती. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. दमणहून आपलं सैन्य तिकडे न्यायला पोर्तुगीजांना भारतानं वाट दिली नाही, म्हणून पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या न्यायालयात गेलं. भारताकडून मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला भारताच्या वतीनं त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले.

पोर्तुगालनं पुरावा दिला तो १७७९ च्या पेशव्यांबरोबरच्या तहाचा आणि १७८३ व १७८५ च्या सनदांचा. म्हणणं असं की मराठ्यांनी ही गावं आम्हाला कायमची तोडून दिली आणि तिथं जायची वाटही त्याबरोबर आली. न्यायालयानं ते कागद बारकाईनं पाहिले. तहाच्या शब्दांतून सत्ता हस्तांतरित केल्याचं निघत नाही, आणि सनदांमधून निघतं ते एवढंच की सालिना बारा हजार रुपयांच्या महसुलाचा सरंजाम दिला होता. सरंजाम दिला म्हणून राज्य दिलं असं होत नाही. पुण्याच्या दप्तरात बसून कुण्या कारकुनानं मोडीत लिहिलेल्या मजकुराचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी हॉलंडमध्ये पंधराच्या पंधरा खुर्च्यांवर लावला गेला. मराठी माणसानं कायद्याच्या इतिहासात हे प्रकरण वाचायलाच हवं.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. मराठ्यांनंतर इंग्रज आले. त्यांच्या आमदानीत सव्वाशे वर्षं सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनतक्रार येत-जात राहिले, आणि ते हक्क समजूनच. न्यायालयानं म्हटलं की दोनच राष्ट्रांमध्येसुद्धा असा रिवाज कायदा होऊ शकतो, म्हणून एवढा हक्क पोर्तुगालला होता. अकरा विरुद्ध चार. पण फौज, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा न्यायचा असला की दरवेळी परवानगी मागावी लागे, १८७८ च्या करारात तसं लिहूनच होतं. म्हणून त्याचा हक्क नाही. आठ विरुद्ध सात. आणि १९५४ च्या तंग हवेत भारतानं वाट अडवली त्यात बेकायदा काही नाही, नऊ विरुद्ध सहा. बांधावरच्या माझ्या म्हाताऱ्याचा दावा आणि पोर्तुगालचा दावा एकाच गोष्टीवर तुटले. न विचारता की विचारून.

हीच फूटपट्टी आता मानवतेसाठी केलेल्या हस्तक्षेपाला लावा. फौजा आत गेल्या, माणसं वाचली, याचे दाखले आहेत. पण गेलेल्यांनी काय म्हटलं? ‘आम्हाला हा हक्क आहे’ असं म्हटलं का? १९६१ मध्ये गोव्यात भारताचा युक्तिवाद होता की वसाहत हीच मुळात बेकायदा, साडेचारशे वर्षांचा ताबा म्हणजे मालकी नव्हे. परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकारानं पडला. माणसांच्या हालाचा प्रश्न त्यातही मागच्या बाकावरच होता.

१९७१ हा खरा कसोटीचा प्रसंग. पूर्व बंगालातून एक कोटीच्या आसपास निर्वासित आले. मी शाळकरी होतो. नोव्हेंबरपासून प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याचा छापा मारून ते काढलं होतं, नंतर निर्वासितांचं चित्र असलेलं आलं. गावातून परभणीला धाडलेल्या पत्रावरसुद्धा ते पाच पैसे लागत. परमुलखातल्या माणसाच्या हालाचं ओझं राणीसावरगावच्या माणसानं असं प्रत्यक्ष उचललं होतं. डिसेंबरात युद्ध झालं. सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी पूर्व बंगालच्या लोकांना त्यांच्या यातनांतून सोडवण्याचा हेतू बोलून दाखवला. तरी कायद्याचा मुख्य आधार सांगितला तो ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याचा, म्हणजे स्वसंरक्षणाचा. आणि महासभेनं १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि माघार यांचा ठराव केला. व्हिएतनाम कंबोडियात गेलं, टांझानिया युगांडात, त्यांनीही कारण दिलं स्वसंरक्षणाचंच.

म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी पाऊल टाकलं त्यांच्यापैकी कुणीच ‘वाट आमचीच’ म्हटलं नाही. मग रिवाज होणार कसा? १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगून टाकलं की मानवी हक्कांसाठी बळाचा वापर हा योग्य मार्ग नव्हे. १९९९ मध्ये नाटोनं सर्बियावर बॉम्ब टाकले तेव्हा ते थांबवा म्हणणाऱ्या ठरावाचा भारत सहपुरस्कर्ता होता. ज्या देशानं १९७१ पाहिलं त्यानं असं का केलं, म्हणून अनेकांनी बोट दाखवलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. आपण स्वतःसाठीही तो हक्क कधी मागितला नव्हता. २००५ मध्ये जगातल्या राष्ट्रप्रमुखांनी मान्य केलं की वंशसंहारासारख्या गुन्ह्यांपासून लोकांचं रक्षण करणं ही जबाबदारी आहे, पण बळ वापरायचं ते सुरक्षा परिषदेमार्फत. एकट्या-दुकट्या राष्ट्राला वाट अजूनही विचारूनच.

आणि ती तशीच राहावी असं माझं मत झालंय. त्याचं कारण पॅरिसमध्ये सापडलं नाही, घराजवळ सापडलं.

ॲक्शन झाल्यावर आमच्या मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहायला भारत सरकारनंच माणसं पाठवली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यात हिंडले. त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, असा होता की कारवाईच्या दिवसांत आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त पोळले. त्यातले बहुतेक आमचे दक्षिणेचे आणि पूर्वेचे शेजारीच. मेलेल्यांतल्या अनेकांचा रझाकारीशी संबंध नव्हता. फौजेतल्या अनेक अधिकाऱ्यांनी शिस्त राखल्याचं समितीनं नोंदलं, आणि काही ठिकाणी फौजेतली व पोलिसांतली माणसं लुटीत-हत्येत सामील होती हेही नोंदलं. त्याच अहवालात एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणं आहेत, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी जास्त होती. हिंदू कोष्टी मुसलमान कोष्ट्यांसाठी हिंदूंशी भिडले.

तो अहवाल पासष्ट वर्षांच्या आसपास सरकारनं खुला केलाच नाही. २०१३ पासून तो दिल्लीत वाचायला मिळू लागला. मी वाचला तेव्हा माझं वकिली मन एकाच ठिकाणी अडलं. कायद्यात आत जाण्याच्या हक्कावर शेकडो पानं आहेत. आत गेल्यावर, सुटका झाल्यावर, कमजोर झालेल्या बाजूच्या माणसांचं रक्षण कुणी करायचं, त्याचा जाब कुणाला विचारायचा, यावर फार थोडी. १७ सप्टेंबर हा माझ्या मुलखाच्या सुटकेचा दिवस आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आजीचा गोठा मोकळा झाला तो त्या दिवशी. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या आजीनं डाग पुरायला सुरुवात केली असेल, तर सुटका करणाऱ्यानं तिचाही हिशेब द्यायला हवा. जो आत गेल्यावरच्या हिशेबाला तयार नाही त्याला आत जायचा हक्क रिवाजानं मिळू नये. माझ्यापुरता हा निकाल मी दिलाय.

ॲक्शनच्या साली जी पोरं दहा-बारा वर्षांची होती ती आता नव्वदीच्या घरात आहेत. राणीसावरगावात, गंगाखेडात, पालमला, अहमदपूरकडच्या वाड्यांवर अशी माणसं थोडीच उरली आहेत, हिंदूंतही आणि मुसलमानांतही. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन उरकल्यावर शाळांनी पोरांना त्यांच्याकडे वही घेऊन पाठवावं. रझाकारीत काय झालं तेही लिहून घ्यावं आणि ॲक्शननंतर काय झालं तेही, एकाच वहीत, आणि ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता परभणीच्या एखाद्या ग्रंथालयात कुणालाही वाचता येईल अशी ठेवावी.